ॲक्युपंक्चर: पहिल्या सुईच्या आधी, सुया चालू असताना आणि नंतर घरी काय करायचं

ॲक्युपंक्चरचा विचार माणूस बहुतेक तेव्हा करतो जेव्हा पेनकिलर घेऊन घेऊन पोट बिघडायला लागलेलं असतं, किंवा तीच कंबर परत धरलेली असते, किंवा महिन्यातले निम्मे दिवस डोकं ठणकण्यात जातात. मग कोणीतरी सांगतं, अगं सुया टोचून घे, माझी मान पार मोकळी झाली, आणि दुसरं कोणी सांगतं की सगळं थोतांड आहे, पैसे घालवू नकोस. मी स्वतः मानेसाठी आणि अर्धशिशीसाठी ही ट्रीटमेंट घेतलेली आहे, त्यावर बरंच वाचलेलंही आहे, आणि माझं मत असं झालंय की ठराविक तक्रारींसाठी ती खरंच सौम्य आहे आणि करून बघण्यासारखी आहे, फक्त ती नीट पद्धतीने करायला हवी. म्हणजे आधी निदान, मग स्वच्छ हाताचा थेरपिस्ट, आणि फरक पडतोय की नाही ते वहीत लिहून. ही पद्धत कशी ते पुढे सांगते.

कुठल्या तक्रारीसाठी जायचं

सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो दुखण्यावर. जुनी कंबरदुखी, मानदुखी, गुडघ्यांची झीज, टेन्शनमुळे होणारी डोकेदुखी आणि मायग्रेन. मायग्रेनवरचा २०१६ चा कोक्रेन रिव्ह्यू, म्हणजे कोक्रेन या संस्थेने अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष, मला फार आवडतो, कारण त्यातला आकडा डोळ्यासमोर उभा राहतो: ज्यांना महिन्यात साधारण ६ दिवस अर्धशिशी असते त्यांचे नेहमीच्या उपचारांवर ५ दिवस होतात, खोट्या (म्हणजे तुलनेसाठी नुसत्या नावाला लावलेल्या) सुया टोचल्या किंवा रोजची प्रतिबंधक गोळी घेतली तर ४, आणि खऱ्या ॲक्युपंक्चरने साडेतीन. आता बघा, ६ चे शून्य होत नाहीत. पण ज्याला अंधाऱ्या खोलीत उलटी करत पडून राहायचं म्हणजे काय हे माहीत आहे त्याला विचारा, महिन्यातले अडीच दिवस परत मिळणं म्हणजे काय असतं. ब्रिटनमध्ये कुठले उपचार द्यावेत ते ठरवणाऱ्या नाइस या संस्थेची २०१२ ची गाइडलाइन तर टेन्शन-डोकेदुखीसाठी ५ ते ८ आठवड्यांत १० पर्यंत सेशन्सचा कोर्स विचारात घ्या असं सांगते.

कंबरेच्या बाबतीत मात्र मोठमोठ्या संस्थांचंच एकमत नाहीये आणि हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये जुन्या कंबरदुखीला आधी गोळ्या सोडून इतर उपाय करा म्हणून सांगितलं आणि त्यात ॲक्युपंक्चर घेतलं. अमेरिकेची सरकारी मेडिकेअर योजना २०२० पासून जुन्या कंबरदुखीसाठी ९० दिवसांत १२ सेशन्सचा खर्च देते, सुधारणा दिसली तर आणखी ८. आणि नाइसने मात्र २०१६ मध्ये कंबरेसाठी ॲक्युपंक्चर देऊ नका असं लिहिलं, मग २०२१ मध्ये जुनाट प्रायमरी पेनसाठी, म्हणजे ज्याचं स्पष्ट कारण सापडत नाही अशा जुन्या दुखण्यासाठी, विचार करा असं लिहिलं. गुडघ्याचंही तसंच, अमेरिकेत सशर्त हो, ब्रिटनमध्ये नाही.

हे असं का होतं ते समजून घ्यायला जर्मनीतली एक मोठी ट्रायल उपयोगी पडते, २००७ साली तिचे निकाल आले. कंबरदुखीच्या ११६२ पेशंटचे तीन गट केले होते, एका गटाला नियमाप्रमाणे ॲक्युपंक्चर, दुसऱ्याला मुद्दाम चुकीच्या जागी वरवर टोचलेल्या सुया, आणि तिसऱ्याला गोळ्या, फिजिओथेरपी, व्यायाम असे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६ टक्के लोकांना चांगला फरक होता, खोट्या सुयांच्या गटात ४४.२ टक्के, आणि नेहमीच्या उपचारांत २७.४ टक्के. म्हणजे सुया घेतलेले दोन्ही गट गोळ्या-फिजिओवाल्यांच्या कितीतरी पुढे, पण त्या दोघांमध्ये फारसं अंतर नाही. विरोधक म्हणतात बघा, म्हणजे मनाचा खेळ. बाजूचे म्हणतात बघा, गोळ्यांपेक्षा भारी. मी यातून माझ्यापुरतं एक व्यवहारी गणित काढलंय: अमुक थेरपिस्टलाच माहीत असलेला गुप्त पॉइंट वगैरे गोष्टींच्या मागे धावायचं नाही, कारण एक इंच इकडे-तिकडे झाल्याने सगळं बिघडतं असं काही दिसत नाही. थेरपिस्ट निवडताना त्याची स्वच्छता, तो किती वेळ देतो, किती लक्ष देऊन ऐकतो आणि शरीरात कुठे काय आहे याचं ज्ञान त्याला किती आहे, हे बघायचं. पुढचं सगळं याच्यावरच बेतलेलं आहे.

दुखण्याच्या बाहेर एकच गोष्ट खरी भक्कम आहे, ती म्हणजे मळमळ. ऑपरेशननंतरची आणि किमोथेरपीची मळमळ-उलटी, १९९७ मध्येच अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या पॅनेलने यासाठी ॲक्युपंक्चर आश्वासक आहे असं म्हटलं होतं, आणि मनगटावरच्या त्या एका पॉइंटबद्दल पुढे सविस्तर लिहिते कारण तो घरी करता येतो. ॲलर्जीच्या सर्दीसाठी, म्हणजे सतत शिंका, नाक गळणं, यासाठीही अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१५ च्या गाइडलाइनमध्ये ज्यांना औषधं नकोत त्यांच्यासाठी पर्याय म्हणून जागा आहे. झोप न येणं, पाळीतलं पोट दुखणं, चिंता, यात अनेकांना बरं वाटतं पण अभ्यास कच्चे आहेत, तर करून बघा पण फार मोठी आशा लावून नको. वजन कमी करणं, सिगरेट सोडणं, दमा, यासाठी मी कोणाला पाठवणार नाही. आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार) चालू असताना सुया घेतल्या की मूल राहण्याची शक्यता वाढते असं सांगून कोर्स विकतात, पण ८४८ बायकांवरच्या २०१८ च्या ट्रायलमध्ये बाळ जन्माला येण्याचं प्रमाण खऱ्या सुयांना १८.३ आणि खोट्या सुयांना १७.८ टक्के होतं, म्हणजे काहीच फरक नाही. आधीच त्या सगळ्या चक्रातून जाणाऱ्या बाईला असं काही विकणं मला अजिबात पटत नाही.

आधी डॉक्टर, मग सुया

हे सगळ्यांना माहीत असतं तरी निम्मे लोक हेच टाळतात. दुखणं नवीन असेल, वाढत असेल, तर आधी साध्या डॉक्टरकडून निदान करून घ्या. सुयांनी दुखणं थोडं कमी होतं, आणि आत दुसरंच काही शिजत असेल तर त्या आरामामुळे महिने निघून जातात.

कंबरदुखीबरोबर लघवी किंवा संडासवरचा ताबा जातोय, मांड्यांच्या मधला भाग बधिर झालाय, पायातली ताकद जातेय, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. ताप आहे, कारण नसताना वजन उतरतंय, पूर्वी कॅन्सर होऊन गेलाय, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे, तरी आधी तपासण्या. डोकेदुखीत, आयुष्यात कधी नव्हतं इतकं प्रचंड डोकं एकदम काही सेकंदात दुखायला लागलं, किंवा तापाबरोबर मान ताठ झाली, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच नव्या प्रकारची डोकेदुखी चालू झाली, तर थेरपिस्टचा नंबर शोधत बसू नका. छातीत दुखणं तर सांगायलाच नको.

आणि एक खास सांगायचं म्हणजे तोंड वाकडं होणं. कितीतरी लोक याच्यासाठी थेट ॲक्युपंक्चरला जातात. ते स्ट्रोकमुळे असेल तर एकेक मिनिट महत्त्वाचं असतं, आणि बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याची नस अचानक लुळी पडणं, असेल तर स्टिरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत चालू झाल्या तरच त्यांचा पूर्ण फायदा होतो. ते तीन दिवस सुयांमध्ये घालवले तर परत येत नाहीत. गोळ्या चालू झाल्यावर मग हवं तर सुया घ्या, कोणी अडवत नाही.

चालू असलेली औषधं स्वतःच्या मनाने बंद करायची नाहीत, हेही इथेच सांगते. बीपी, शुगर, फिट्स, थायरॉइड, डिप्रेशन, कुठलीच नाही. कोणी थेरपिस्ट म्हणाला की आता गोळ्या बंद करा मग माझं औषध लागू पडेल, तर उठून बाहेर यायचं.

थेरपिस्ट कसा ओळखायचा

तुम्ही जिथे राहता तिथे ॲक्युपंक्चरसाठी रजिस्ट्रेशन किंवा लायसन्सची काय सोय आहे ते आधी बघा, काही देशांत स्वतंत्र कौन्सिल असतं, काही ठिकाणी फक्त डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टच करू शकतात, काही ठिकाणी काहीच नियम नाही. जिथे नियम आहे तिथे नंबर विचारायला लाजायचं नाही. जिथे नाही तिथे शिक्षण कुठे झालं, किती वर्षांचा कोर्स, किती वर्षं प्रॅक्टिस, हे थेट विचारायचं. दोन-चार दिवसांचं वर्कशॉप करून सुया टोचणारे पण असतात. चांगला माणूस या प्रश्नांनी चिडत नाही.

पहिल्या भेटीत तो काय करतो ते नीट बघा. चांगला थेरपिस्ट आधी बराच वेळ प्रश्न विचारतो, कधीपासून, कशाने वाढतं, झोप कशी, कुठल्या गोळ्या चालू, रक्त पातळ करायचं औषध आहे का, पेसमेकर आहे का, दिवस गेलेत का. रिपोर्ट बघतो. जीभ बघतात, नाडी बघतात, ते पारंपरिक पद्धतीत असतंच. पण हे सगळं सोडून कोणी पाच मिनिटांत सुया लावायला लागला तर मला ते आवडत नाही. "शंभर टक्के बरं करतो" म्हणणारा, किंवा पहिल्याच दिवशी तीस सेशन्सचं पॅकेज आगाऊ पैसे घेऊन गळ्यात मारणारा, दोघेही नकोत.

मग सुया. एकदाच वापरून टाकायच्या, निर्जंतुक, बंद पाकिटातल्या. पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे, त्याच्यावर एक्स्पायरी डेट असते, एकदा वाचून घ्या, त्यात संकोच कसला. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बंद डब्यात जायला हव्यात, उघड्या ट्रेमध्ये किंवा कचऱ्याच्या पिशवीत नाही. त्याने हात धुतले का, हेही बघायचं. पूर्वी सुया उकळून परत वापरायचे आणि त्यातून हिपॅटायटिस बी पसरल्याच्या घटना झालेल्या आहेत, म्हणून यात तडजोड नाही. "तुमच्या नावाचा सेट वेगळा ठेवतो, पुढच्या वेळी त्याच वापरू" असं म्हणाला तरी नाही म्हणायचं.

जायच्या आधी

उपाशी जाऊ नका. सुया लावताना चक्कर येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे रिकामं पोट आणि भीती. तास-दोन तास आधी हलकं काहीतरी खाऊन घ्या, पण तुडुंब जेवून पालथं झोपायचं म्हणजे तेही नको. सैल कपडे घाला, गुडघ्यापर्यंत आणि कोपरापर्यंत सहज वर जातील असे, कारण मान दुखत असली तरी सुया पायात आणि हातातसुद्धा लावतात. दारू पिऊन जायचं नाही. पहिल्यांदा सुया शक्यतो आडवं पडूनच घ्या, बसून नको. चालू औषधांची चिठ्ठी बरोबर ठेवा आणि भीती वाटत असेल तर तसं सरळ सांगा, मग तो चार-पाच सुयांवरच थांबेल. पहिल्या दिवशी कमी सुया हेच बरं.

सुई लागते तेव्हा नक्की काय होतं

लोकांच्या डोक्यात इंजेक्शनची सुई असते, म्हणून घाबरतात. ॲक्युपंक्चरची सुई भरीव असते, आतून पोकळ नसते, टोक घासून गोलसर केलेलं, जाडी साधारण ०.२५ मिलिमीटर. नेहमीच्या इंजेक्शनची सुई ०.६ ते ०.८ मिलिमीटरची असते, म्हणजे तिच्या आतल्या भोकातून ही आरामात जाईल. बरेच जण ती एका छोट्या प्लास्टिकच्या नळीत घालून देतात. नळी कातडीवर टेकवतात, तिचा दाब आधी जाणवतो, मग वरून बोटाने एक टिचकी, आणि सुई दोन-तीन मिलिमीटर आत गेलेली असते. टोचल्याचं कळतं किंवा कळतही नाही. नळी काढून घेतात आणि मग सुई हळूहळू फिरवत हवी तितकी आत नेतात, आणि खरं जाणवायला लागतं ते आता. आत कुठेतरी बोथट, जड, ताणल्यासारखं वाटतं, कधी मुंग्या पसरत जातात, हाताच्या पॉइंटची कळ बोटापर्यंत जाते. याला चिनी पद्धतीत डे-ची म्हणतात आणि थेरपिस्ट त्याचीच वाट बघत असतो, म्हणून तो विचारतो, जड वाटतंय का? वाटलं की सांगायचं. पण झटका बसल्यासारखी विजेची कळ आली किंवा तिखट आग झाली तर ते सहन करत बसायचं नाही, लगेच बोला, तो सुई थोडी मागे घेईल. शूरपणा दाखवायची ही जागा नाही.

मग साधारण २० ते ३० मिनिटं तसंच पडून राहायचं. या वेळात हलायचं नाही, खोकला-शिंक येईल असं वाटलं तर आधी सांगायचं. खूप जणांना मस्त झोप लागते. काही वेळा सुयांना बारीक वायर लावून मशीनने हलका करंट देतात, त्याला इलेक्ट्रोॲक्युपंक्चर म्हणतात, टिकटिक असं स्नायू उडताना दिसतं. पेसमेकर असेल तर हे अजिबात नाही. खोलीत बेल किंवा हाक मारली तर ऐकू जाईल असं कोणीतरी असायला हवं, पहिल्यांदा जाल तेव्हा हे विचारूनच घ्या. घाम फुटला, मळमळलं, डोळ्यापुढे अंधारी आली तर हाक मारा, सुया काढल्या आणि पाय वर करून झोपवलं की काही मिनिटांत बरं वाटतं.

आत काय होतं याबद्दल पारंपरिक भाषेत ची नावाची ऊर्जा चौदा मुख्य वाहिन्यांतून फिरते आणि त्यावर ३६१ पॉइंट आहेत असं सांगतात. या वाहिन्या शरीर फाडून कोणाला सापडलेल्या नाहीत. पण सुईने नसा उत्तेजित होतात, मेंदू आणि मज्जारज्जूतून एंडॉर्फिनसारखी शरीराची स्वतःची वेदनाशामकं सुटतात, हे १९७० च्या दशकापासून अभ्यासलं गेलंय. अफूजन्य औषधांचा परिणाम पुसून टाकणारं नॅलोक्सोन दिलं की काही प्रयोगांत सुयांचा परिणामही कमी झाला, त्यावरून हा धागा सापडला. २०१० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात सुईच्या आजूबाजूला ॲडेनोसिन नावाचं शरीरातलंच रसायन वाढतं आणि तेही दुखणं दाबतं असं दिसलं. माझ्या मते पेशंटला एवढं पुरे. थेरपिस्ट 'ची' ऊर्जेची भाषा बोलला म्हणून तो वाईट नाही आणि नसांची भाषा बोलला म्हणून आपोआप चांगला नाही.

घरी आल्यावर

पहिल्या दिवशी थोडं सुस्त वाटू शकतं, काहींना उलट एकदम हलकं वाटतं. लगेच लांबचं ड्रायव्हिंग ठेवू नका, जिमला जाऊन वजनं उचलू नका. सुईच्या जागी रक्ताचा एखादा थेंब, छोटा काळानिळा डाग, थोडी दुखरी जागा, हे चालतं. दुखणं एक-दोन दिवस किंचित वाढूनही मग उतरतं. जर्मनीत २ लाख २९ हजार पेशंटची नोंद ठेवली होती, त्यात ८.६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, बहुतेक असाच, रक्त किंवा डाग. फुफ्फुसाला सुई लागून त्याच्या बाहेर छातीत हवा भरण्याचा प्रकार इतक्या सगळ्यांत दोघांना झाला. म्हणून सौम्य ट्रीटमेंट म्हणायला माझी हरकत नाही.

पण ते दोघे होते, हेही खरं आहे. खांद्याच्या वरचा भाग, पाठीचा वरचा भाग, छाती, इथे फुफ्फुस कातडीपासून फार लांब नसतं. या भागात सुया घेतल्यावर, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीसुद्धा, दम लागायला लागला, श्वास घेताना छातीत टोचतंय, कोरडा खोकला सुरू झाला, तर झोपून बघू म्हणू नका, इमर्जन्सीला जा आणि पाठीत सुया घेतल्यात हे स्वतःहून सांगा, कारण ते कोणी विचारत नाही. सुईची जागा लाल, गरम, सुजलेली झाली आणि ताप आला तरी डॉक्टरकडे.

किती दिवस, आणि उपयोग होतोय हे कसं कळणार

एका सेशनने निर्णय करू नका, पहिल्याच दिवशी चमत्कार वाटला तरी नाही आणि काहीच वाटलं नाही तरी नाही. आठवड्याला एक किंवा दोन, असं पाच-सहा सेशन्स होऊ द्या. मायग्रेनच्या ज्या अभ्यासाबद्दल वर लिहिलं त्यात निदान सहा सेशन्स दिलेल्या ट्रायल्सच धरल्या होत्या.

वही पहिल्या सेशनच्या दोन आठवडे आधी सुरू करायची, नंतर नाही, म्हणजे आधी कसं होतं ते कागदावर राहतं. रोज रात्री तीन गोष्टी. दुखणं ० ते १० मध्ये किती. पेनकिलर किती घेतल्या. आणि एखादं काम जे दुखण्यामुळे अडतं, ते आज जमलं का, जिना चढणं, अर्धा तास एका जागी बसणं, मान वळवून मागे बघणं, तुमचं जे असेल ते. हे तिसरं सगळ्यात खरं बोलतं, कारण आकडा देताना आपण त्या दिवसाच्या मूडप्रमाणे देतो, पण जिना एक तर चढला किंवा नाही चढला. सहा सेशन्सनंतर दोन्ही बाजू शेजारी ठेवून बघा. दुखण्याचा आकडा निदान दोनाने खाली आला असेल, गोळ्या कमी झाल्या असतील, काम जमत असेल, तर पुढे जा, दहा-बारापर्यंत. काहीच हललं नसेल तर थांबा. थेरपिस्ट म्हणेल अजून दहा घ्या मग कळेल, तर नम्रपणे नाही म्हणायचं. वही नसली की आपण भिडेखातर "हो थोडं बरं आहे" म्हणत राहतो.

फरक पडला तर मग अंतर वाढवत न्यायचं, पंधरा दिवसांनी, महिन्याने, आणि बघायचं किती टिकतंय. जवळजवळ २१ हजार पेशंटची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये जो मोठा अभ्यास झाला त्यात वर्षभरानंतरही बराचसा फायदा टिकलेला दिसला, साधारण १५ टक्के उतरला. पण कंबर-मान-गुडघ्याला व्यायाम लागतोच, सुयांमुळे दुखणं कमी झालं की जो मोकळा वेळ मिळतो तो व्यायाम सुरू करण्यासाठी वापरा. माझ्या मानेला सुयांनी आराम मिळाला खरा, पण तो टिकला तो खांदे मागे घ्यायच्या रोजच्या व्यायामाने, हे मी ज्याला त्याला सांगत असते.

घरी स्वतः करता येईल ते

स्वतःला सुया टोचायच्या नाहीत, ऑनलाइन सुया मिळतात म्हणून तर मुळीच नाहीत. बोटाने दाबणं मात्र बिनधास्त करा.

पहिला मनगटाचा पॉइंट, नाव नेइग्वान, नंबर पीसी ६. तळहात आपल्याकडे करा. मनगटाची जी आडवी घडी असते तिच्यावर दुसऱ्या हाताची तीन बोटं आडवी ठेवा, तर्जनी, मधलं, अनामिका, कोपराच्या दिशेने. तिसऱ्या बोटाच्या कडेला, हाताच्या बरोब्बर मधोमध, दोन दोरीसारखे ताठ पट्टे लागतात, मूठ आवळून मनगट किंचित आत वाकवलं की ते वर उठून दिसतात. त्या दोघांच्या मधला खळगा म्हणजे हा पॉइंट. अंगठ्याने खोल दाबा, थोडं दुखलं पाहिजे पण ओरडायला नको, आणि बारीक गोल फिरवत एक-दोन मिनिटं, मग दुसरा हात. मोजायला स्वतःचीच बोटं वापरायची, आजीच्या हातावर नातवाची बोटं ठेवली तर जागा चुकेल. ऑपरेशननंतरच्या मळमळीसाठी हा पॉइंट उलटीच्या औषधांच्या जवळपास उपयोगी ठरतो असं २०१५ च्या कोक्रेन रिव्ह्यूत आहे. प्रवासात लागते त्या मळमळीसाठी याच जागी बसणारे बटणवाले बँड मिळतात, काहींना उपयोग होतो, काहींना नाही, नुकसान काही नाही.

दुसरा हाताचा, हेगू, एलआय ४. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटवली की मागच्या बाजूला जो मांसाचा उंचवटा येतो त्याच्या टोकावर, मग हात सैल सोडून तर्जनीच्या हाडाकडे तिरकं दाबायचं. डोकेदुखी, दातदुखीत लोक हा वापरतात. दातदुखी आहे म्हणजे डेंटिस्ट आहेच, हे फक्त तोपर्यंत. पोटुशी बाईने हा दाबू नये असा रिवाज आहे, तो पाळावा.

मान आखडली की कवटीच्या खाली, मानेच्या मधल्या जाड स्नायूंच्या दोन्ही बाहेरच्या बाजूंना खळगे असतात, तिथे दोन्ही अंगठे ठेवून डोकं हळूच मागे टेकवायचं, डोक्याचं वजनच दाब देतं. गळ्याच्या पुढच्या आणि बाजूच्या भागाला, जिथे नाडी उडते, तिथे कधीच दाबायचं नाही. पायाचा झुसानली म्हणजे एसटी ३६ पण प्रसिद्ध आहे, गुडघा वाकवून वाटीच्या खाली बाहेरच्या बाजूला जो खळगा लागतो तिथून चार बोटं खाली आणि नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर. दिवसभर उभं राहून पाय भरून आले की मला तर हा फार बरा वाटतो.

सुजलेल्या, जखम असलेल्या, व्हेरिकोज व्हेन्स असलेल्या जागी दाबायचं नाही. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर चोळणं-दाबणं काहीच नाही, रक्ताची गुठळी असू शकते, डॉक्टरकडे जायचं.

कोणी जास्त जपायचं

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सुया घेता येतात पण थेरपिस्टला माहीत हवं, तो बारीक सुया वापरेल, खोल जाणार नाही आणि नंतर जास्त वेळ दाबून धरेल. हिमोफिलियासारखा, रक्त नीट न गोठण्याचा आजार असेल किंवा प्लेटलेट्स खूप कमी असतील तर आपल्या डॉक्टरच्या होकाराशिवाय नको. किमो चालू आहे, अवयव बदललाय, प्रतिकारशक्ती कमी आहे, हार्टची झडप बदललीये, यात इन्फेक्शनची भीती जास्त, म्हणून तिथेही आधी विचारायचं. कॅन्सरमुळे काखेतल्या लिम्फ नोड्स (गाठी) काढलेला हात असेल तर त्या हाताला सुई नको हे स्वतः आठवण करून द्यायचं. शुगरमुळे पाय बधिर झालेत त्यांनी पायात सुया टाळाव्यात, लागलेलं कळत नाही आणि जखम भरत नाही. निकेलची ॲलर्जी असेल तर सांगा, वेगळ्या सुया मिळतात. फिट्स येत असतील तर सुया लावून एकटं पडून राहायचं नाही. दिवस गेले असतील तर गरोदर बायकांचा अनुभव असलेलाच थेरपिस्ट हवा, पोटावर आणि कंबरेच्या खाली त्रिकास्थीवर सुया नकोत, हातावरचा हेगू आणि घोट्याच्या वरचा एसपी ६ हे दोन्ही टाळायचे. लहान मुलांना शक्यतो बोटाचाच दाब, आणि त्याआधी मुलांच्या डॉक्टरला दाखवून मगच.